संगणक सांभाळणारा माणूस नोकरी सोडतो तेव्हा: नाशिकच्या उद्योजकांचे नेहमीचे प्रश्न

सातपूर-अंबडचे कारखाने, सिन्नरची युनिटं, पिंपळगाव-दिंडोरीकडची पॅकहाउस आणि शहरातली दहा-पंधरा माणसांची सॉफ्टवेअर ऑफिसं यांचे धंदे एकमेकांपासून फार वेगळे आहेत. आयटीचा माणूस राजीनामा देतो तेव्हा मात्र सगळीकडून फोनवर तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदाच, सविस्तर लिहिली आहेत.

आमच्याकडे संगणकाचं सगळं एकच मुलगा बघतो. त्याने काल राजीनामा दिला. आधी काय करू?

आधी त्याच्याशी चांगलं बोला. पुण्यात जास्त पगार मिळतोय म्हणून तो चाललाय, यात त्याने तुमचं काही वाकडं केलेलं नाही. राजीनाम्याच्या दिवशी मालकाने तोंड फिरवलं, तर पुढचा महिनाभर तो विचारलं तेवढंच सांगेल. आणि तुम्हाला नेमकं काय विचारायचं तेच माहीत नसतं, अडचण तिथेच आहे.

दुसरं काम त्याच दिवशी करायचं: त्याच्याकडून काम समजून कोण घेणार ते नाव ठरवायचं. “नवीन माणूस आला की बघू” असं बहुतेक जण म्हणतात. नवीन माणूस जुना गेल्यावर येतो, दोघांची गाठही पडत नाही. तेव्हा आतलाच कोणीतरी निवडा. अकाउंट्सच्या ताई असोत, स्टोअरचे भाऊ असोत किंवा प्रॉडक्शनचा सुपरवायझर, इंजिनिअरच हवा असं नाही. शंका आली की न लाजता विचारणारा माणूस हवा.

नोटीस पिरियड महिन्याचा आहे. तेवढ्यात सगळं उतरवून घेता येईल ना?

सगळं नाही येणार. रविवार, उरलेल्या रजा, घर शोधायला पुण्याच्या चकरा हे वजा केलं की हातात जेमतेम दोन आठवडे राहतात. त्यामुळे निवड करावीच लागते.

निवडीची माझी रीत अशी. गेल्या वर्षभरात कोणती कामं फक्त त्यानेच केली, ते शोधा. त्याला विचारून ही यादी निघत नाही, कारण रोजचं काम त्याला काम वाटतच नाही. त्याला ज्यांनी फोन केले त्यांना विचारा. डिस्पॅचवाला सांगेल, “बिल अडकलं की मी त्यालाच बोलावतो.” एचआर सांगेल, “पंचिंग मशीनचा डेटा महिन्याच्या एक तारखेला तोच काढून देतो.” अर्ध्या दिवसात यादी तयार होते.

त्यात वर्षातून एकदाच येणाऱ्या कामांवर खूण करा. ३१ मार्चनंतर सॉफ्टवेअरमध्ये नवीन आर्थिक वर्ष उघडणं, बिलांचे नंबर पुन्हा एकपासून लावणं, डोमेनचं (वेबसाइटच्या नावाचं) नूतनीकरण, ऑडिटरला लागणारे रिपोर्ट, द्राक्षाचा हंगाम सुरू होताना ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी पोर्टलवर) करायच्या नोंदी. नोटीसच्या महिन्यात ही कामं येतच नाहीत, त्यामुळे दाखवलीही जात नाहीत, आणि आठ महिन्यांनी तीच उभी राहतात. सॉफ्टवेअरमध्ये सरावापुरती खोटी कंपनी उघडून किंवा जुन्या बॅकअपवर ती एकदा करून घ्या.

त्याने सगळं लिहून दिलं तर पुरे ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं.

दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाउसमधली गोष्ट. फेब्रुवारीचे दिवस, माल जोरात येत होता. आधीच्या मुलाने जाताना व्यवस्थित टाइप केलेली फाईल दिली होती. एका सकाळी काट्यावरचं वजन संगणकात येईना, त्यामुळे पेटीवर लावायचं लेबल निघेना. फाईलमध्ये वाक्य होतं, “सेटिंगमध्ये जाऊन काट्याचा पोर्ट निवडा.” निवडून पाहिला, काही उपयोग नाही. शेवटी त्या मुलाला हिंजवडीत फोन लावला.

“ताई, काट्याची वायर लाल टेपवाल्या खाचेत आहे का?”

“इथे कुठे लाल टेप दिसत नाहीये.”

आदल्या दिवशी टेबल पुसताना टेप निघाली होती आणि वायर शेजारच्या खाचेत गेली होती. काट्याची जुनी सिरियल वायर यूएसबी कन्व्हर्टरने जोडली की विंडोज बहुतेक वेळा प्रत्येक खाचेला वेगळा पोर्ट क्रमांक देतं. खाच बदलली, क्रमांक बदलला, सॉफ्टवेअर मात्र जुन्याच क्रमांकावर वाट बघत बसलं. पोर्ट निवडायच्या यादीत नवीन क्रमांक दिसत होता, पण तो लेबल प्रिंटरचा असेल म्हणून कोणी त्याला हात लावला नाही. वायर मूळ खाचेत लावताच वजन यायला लागलं. त्या मुलाने काही लपवलं नव्हतं. लाल टेप ही लिहिण्यासारखी गोष्ट आहे हे त्याच्या मनातच आलं नाही.

हे फक्त लहान ठिकाणीच होतं असं समजू नका. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या एफ-१ इंजिनाचं उदाहरण घ्या. २०१२-१३ च्या सुमारास नासाच्या मार्शल केंद्रातल्या तरुण इंजिनिअरांनी संग्रहातलं जुनं इंजिन उलगडून अभ्यासलं. ड्रॉइंग शाबूत होती. पण १९६० च्या दशकातल्या वेल्डरांनी आणि फिटरांनी प्रत्येक इंजिनावर हाताने केलेल्या बारीकसारीक जुळवण्या कागदांत पुरत्या उतरल्या नव्हत्या. त्या समजायला प्रत्यक्ष इंजिनच उघडून मोजावं लागलं.

द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर छाटणी पुस्तकात वाचून येत नाही, जाणत्याच्या शेजारी उभं राहून काडीला कात्री लावावी लागते.

म्हणून काम देण्याची पद्धत उलटी करा. जाणाऱ्याने लिहायचं नाही, राहणाऱ्याने लिहायचं. राहणाऱ्याने खुर्चीत बसून स्वतःच्या हाताने काम करायचं, जाणाऱ्याने मागे उभं राहायचं आणि माऊसला हात लावायचा नाही. जिथे हात अडखळतो तिथे प्रश्न येतो. त्याचं उत्तर राहणाऱ्याने आपल्या शब्दांत लिहायचं आणि संध्याकाळी जाणाऱ्याला वाचून दाखवायचं. असं लिहिलेलं पानभर टिपण, एकट्याने टाइप केलेल्या जाड फाईलपेक्षा कितीतरी उपयोगी पडतं. वहीत मराठीत लिहिलं तरी हरकत नाही, फोटो काढून कंपनीच्या ड्राइव्हवर ठेवा.

मग त्याला विचारायचं तरी काय?

“कसं करतोस?” याचं उत्तर स्क्रीनवर बघून मिळतं. “असंच का?” याचं उत्तर फक्त त्याच्याकडे असतं, आणि तो गेला की ते गेलं. सातपूरच्या एका कारखान्यात दोघांचं असं बोलणं चाललं होतं:

“दादा, बॅकअप रात्री दोनला का लावलाय? बाराला का नाही?”

“तिसरी पाळी बाराला येते. पहिल्या अर्ध्या तासात ते दुसऱ्या पाळीचं उत्पादन भरतात. तेव्हा बॅकअप सुरू झाला तर एन्ट्री अडकते. एकदा झालं होतं तसं.”

“आणि रविवारचा बॅकअप बंद का?”

“रविवारी मेन्टेनन्सवाले मेन स्विच पाडतात. यूपीएस पुरत नाही. मध्येच तुटलेला बॅकअप चांगल्या बॅकअपवर चढून बसायचा, म्हणून बंद केला.”

ही दोन उत्तरं कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाहीत. नंतरचा एखादा हुशार माणूस “रविवारचा बॅकअप बंद कसा काय?” म्हणून तो चालू करेल आणि जुना खड्डा नव्याने खणेल.

आणखी दोन-तीन प्रश्न मी नेहमी विचारायला सांगतो. काय करून पाहिलं आणि जमलं नाही? कशाला हात लावायची तुला भीती वाटते? अडलं की तू कोणाला फोन करतोस? शेवटच्या प्रश्नातून सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्टमधला तो एक माणूस कळतो, जो खरंच फोन उचलतो. त्याच्याशी राहणाऱ्याची ओळख जाणाऱ्यानेच करून द्यावी.

आमचा कारखाना आहे. ऑफिसच्या संगणकांपेक्षा मशीनची काळजी वाटते. तिथे काय बघायचं?

काळजी रास्त आहे. अंबड-सातपूरमध्ये मशीनवरचं ज्ञान ऑफिसपेक्षा जास्त विखुरलेलं असतं आणि तिथे कोणी विचारतही नाही.

पीएलसीपासून, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कंट्रोल संगणकापासून, सुरुवात करा. मशीनमध्ये प्रोग्राम आहे म्हणजे तो आपल्याकडे आहे, असा अनेकांचा समज असतो. बऱ्याच जुन्या पीएलसींमधून प्रोग्राम परत वाचून घेतला तर त्यातली नावं आणि टिपा येत नाहीत. “कन्व्हेयर चालू” असं नाव दिलेला बिट नुसता एक क्रमांक म्हणून समोर येतो. नावांसकट मूळ फाईल ज्याने प्रोग्राम लिहिला त्याच्या लॅपटॉपमध्ये असते. काही ठिकाणी प्रोग्रामला पासवर्डही असतो, मग वाचताही येत नाही. तेव्हा मेन्टेनन्सचा इंजिनिअर सोडून चालला असेल तर प्रत्येक पीएलसीची मूळ प्रोजेक्ट फाईल, तो पासवर्ड, प्रोग्रामिंगची केबल आणि ते सॉफ्टवेअर कुठल्या आवृत्तीचं लागतं, हे चारही हातात घ्या. नव्या आवृत्तीत जुनी फाईल उघडेलच असं नाही.

सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) पॅरामीटर, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्ज, आणि प्रोग्राम बऱ्याच कंट्रोलरमध्ये बॅटरीच्या जोरावर टिकून राहतात. बॅटरी मेली की पॅरामीटर पुसले जातात आणि मशीन अडून बसतं. ती मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने बदलायची असते, बहुतेक मशीनवर वीज चालू ठेवूनच. जुना ऑपरेटर हे दरवर्षी सवयीने करतो. पॅरामीटरचा बॅकअप कार्डावर किंवा पेन ड्राइव्हवर काढा, वर मशीनचा नंबर लिहा आणि एक प्रत कारखान्याच्या बाहेर ठेवा.

शिवाय २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद असतील, वाहतूक वळवलेली असेल. मुंबई-पुण्याहून सर्व्हिस इंजिनिअर तासाभरात निघाला तरी अंबडला कधी पोचेल याचा भरवसा नाही. ही कामं त्याआधी उरकलेली बरी.

पासवर्ड सगळे घेतले की सुटलो ना?

पासवर्डपेक्षा ओटीपी जास्त अडवतो. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच दोन टप्प्यांची पडताळणी सक्तीची आहे. ओटीपी जाणाऱ्याच्या मोबाइलवर येत असेल तर गाडी भरून गेटवर उभी राहते आणि तुम्ही त्याच्या फोनची वाट बघता. या पोर्टलवर प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकाने सब-युजर करता येतं. तसं करा, आणि माणूस गेला की त्याचा सब-युजर बंद करा. ग्राहकांना एसएमएस पाठवणाऱ्यांनी डीएलटी पोर्टलवर (जिथे असे एसएमएस पाठवणाऱ्यांना नोंदणी करावी लागते) कोणाचा मोबाइल क्रमांक आहे, तेही तपासावं.

डोमेन कोणाच्या ईमेलवर नोंदवलंय ते बघा. नाशिकमध्ये ते कितीदा तरी त्या मुलाच्या खासगी जीमेलवर असतं. .कॉम डोमेनची मुदत संपल्यावर नोंदणी करणारी कंपनी थोडी सवलतीची मुदत देते, त्यानंतर ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं, पुढे ते कोणीही घेऊ शकतं. सूचनेचे सगळे ईमेल त्या जीमेलवर जातात, तुम्हाला पत्ताच लागत नाही.

वेबसाइट सुरक्षित असल्याचं ब्राउझरला दाखवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रांची कमाल मुदतही कमी होत चालली आहे. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. वर्षातून एकदा आठवणीने हाताने बदलण्याचे दिवस गेले. हे काम आपोआप होतंय का आणि ते कुठल्या मशीनवरून होतंय, ते जाणाऱ्याकडून समजून घ्या.

त्याचं ईमेल खातं घाईने उडवू नका. गूगल वर्कस्पेसमध्ये उडवलेलं खातं २० दिवसांपर्यंत परत आणता येतं, मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ३० दिवसांपर्यंत. त्यानंतर त्यातल्या ग्राहकांच्या पत्रव्यवहारावर पाणी सोडायचं. आधी पासवर्ड बदला, ड्राइव्हवरच्या फाईलींची मालकी दुसऱ्याच्या नावावर करा, उडवायचं नंतर बघा.

मोबाइल अॅप असेल तर त्याची साइनिंग की, म्हणजे अपडेट तुमच्याकडूनच आलंय हे पटवणारी डिजिटल किल्ली, कुठे आहे ते विचारा. प्ले अॅप साइनिंग (मूळ की गूगलकडे ठेवायची सोय) घेतलेलं असेल तर तुमच्याकडची अपलोड की हरवली तरी गूगलकडून नवीन करून मिळते. जुन्या पद्धतीने स्वतःकडेच ठेवलेली की हरवली, तर त्या अॅपला पुन्हा कधी अपडेट देता येत नाही, नवीन अॅप काढून ग्राहकांना परत गोळा करावं लागतं.

सॉफ्टवेअर एका बाहेरच्या मुलाकडून करून घेतलं होतं. पैसे दिले म्हणजे कोड आमचाच ना?

तसं गृहीत धरू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीत असताना नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक कंपनी असते, वेगळा करार नसेल तर. बाहेरच्या फ्रीलान्सरला हे आपोआप लागू होत नाही. त्याच्याकडून हक्क लेखी, सहीनिशी घ्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. निर्यात करणाऱ्यांनी हे वाक्य वकिलाला दाखवावं. संबंध चांगले असतानाच सही घ्या आणि कोड कंपनीच्या नावाच्या गिट खात्यावर (कोड साठवायच्या ऑनलाइन जागेवर) चढवून घ्या.

बाँड लिहून घेतला तर? किंवा केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे काम समजावून देणं) पूर्ण होईपर्यंत पगार रोखला तर?

नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जायचं नाही, अशी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे टिकत नाही. गोपनीयतेची अट टिकते. ठरावीक काळ नोकरी करायची, नाहीतर रक्कम भरायची, असा बाँड वाजवी असेल तर चालतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड ग्राह्य धरला. पण बाँडने माणूस खुर्चीत बसतो, बोलता होत नाही.

पगार रोखण्याचा विचार सोडून द्या. वेतन संहिता, २०१९ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि तिच्याप्रमाणे राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. मूळ सर्टिफिकिटं अडवून ठेवणं तर त्याहून वाईट. नाशिकची औद्योगिक वस्ती लहान आहे, अशा मालकाचं नाव अंबडपासून सिन्नरपर्यंत पोचतं आणि पुढचा चांगला मुलगा तुमच्याकडे येत नाही.

सगळं व्हॉट्सअॅपवर आहे. चालेल का?

तो ग्रुपमधून बाहेर पडला तरी जुने मेसेज तुमच्या फोनवर राहतात, एवढाच आधार. पण कामाचं बोलणं त्याच्या आणि व्हेंडरच्या वैयक्तिक चॅटमध्ये झालेलं असतं. महत्त्वाचे निर्णय तरी ईमेलवर घ्या.

जुना कोड एआयला वाचायला दिला तर तो समजावून सांगेल ना?

कोड काय करतो ते बऱ्यापैकी सांगतो, मी स्वतः वापरतो. पण एका ग्राहकाच्या बिलाला वेगळं राउंडिंग का लावलंय, हे त्याला कळायचं काही कारण नाही, कारण ते मालकाने फोनवर सांगितलेलं असतं. देण्याआधी पासवर्ड आणि ग्राहकांची माहिती काढून टाका.

माणूस अचानकच गेला तर? अपघात, आजारपण?

त्याची तयारी सगळं सुरळीत असतानाच करावी लागते. रिझर्व्ह बँकेने बँकांना एक चांगली शिस्त लावली आहे: संवेदनशील पदांवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग किमान १० कामकाजाचे दिवस, आधी न सांगता रजेवर पाठवायचं. त्यामागे गैरव्यवहार पकडण्याचा हेतू आहे. लहान उद्योगाने ती ज्ञानासाठी उचलावी, फक्त आधी सांगून. तुमच्या आयटीच्या मुलाला गावी जाऊ द्या, फोन करायचा नाही असं ठरवा. मागे जे जे अडेल ते एका कागदावर लिहा. तो परत आला की तोच कागद घेऊन बसायचं. त्यालाही धड सुट्टी मिळते, जी एकट्याने सगळं सांभाळणाऱ्या माणसाला एरवी मिळतच नाही.

प्रत्येक मुख्य खात्याला दुसरा अॅडमिन हवाच. मालकाचं नाव दुसरा अॅडमिन म्हणून टाकतात आणि मालकाने कधी लॉगिनच केलेलं नसतं. तीन महिन्यांतून एकदा करून बघा.

शिकवून तयार केलेली पोरं पुण्याला जातात. मग एवढा खटाटोप का करायचा?

हे दुःख मी नाशिकमध्ये रोज ऐकतो आणि ते खरं आहे. हिंजवडीच्या पगाराशी बरोबरी करणं लहान उद्योगाला जमत नाही. पण जाणारा प्रत्येक मुलगा फक्त पगारासाठी जात नाही. एकट्यावर सगळा भार, रात्री अकराला फोन, दुसरं कोणी शिकायला तयार नाही, याला कंटाळूनही बरेच जातात. काम दोघांना येत असलं की हा भारही वाटला जातो.

आणि गेलेल्याशी नातं तोडू नका. जातानाच ठरवा: सहा महिने अडचण आली तर शनिवारी फोन करू, तासाचे इतके पैसे देऊ. फुकट मदत दोनदा मिळते, तिसऱ्यांदा फोन उचलला जात नाही, आणि त्यात त्याची चूक नसते. दिवाळीला घरी येतो तेव्हा मुद्दाम चहाला बोलवा.

केटी नीट झाली हे कसं ओळखायचं?

शेवटच्या आठवड्यात, तो गेल्यावर नाही. एक मोकळा संगणक घ्या. राहणाऱ्याला सांगा, “कालच्या बॅकअपवरून यावर सिस्टीम उभी कर आणि एक खोटं बिल काढून दाखव.” जाणारा त्याच खोलीत बसेल पण बोलणार नाही. राहणाऱ्याकडे फक्त त्याचं स्वतःचं टिपण. बिल निघालं तर मुख्य काम झालं. नाही निघालं तर कुठे अडलं ते लिहा, दुसऱ्या दिवशी तेवढंच शिका, परत करा. बॅकअपची फाईल उघडतच नाही, हेही अनेकदा याच दिवशी पहिल्यांदा कळतं, म्हणून ही परीक्षा शेवटच्या शुक्रवारी ठेवू नका, सोमवारीच घ्या.